दात कुणाचा मोडला?

१

धाडकन आवाज झाला तेव्हा बाळाबाई मागच्या अंगणात नळाखाली कळशी लावून उभ्या होत्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, वरची मंडळी पुन्हा एकमेकांच्या नरड्याला लागली. मग आठवलं, वर आता दस्तगीरशिवाय कुणी नाही. कळशी तशीच टाकून त्या रस्त्याकडच्या दाराशी धावल्या.

जिन्याच्या तळाशी दस्तगीर मुजावर आडवा पडला होता. डोकं खालच्या दगडी पायरीवर आपटलेलं, एक चप्पल पायात, दुसरी वर मधल्या पायरीवर. टर्पेंटाइनचा डबा शेजारी कलंडला होता आणि त्याच्या वासानं जिना भरून गेला होता.

"दस्तगीर! अरे ए दस्तगीर!"

उत्तर नाही. नाकापुढे हात धरला तर श्वास चालू होता. मग बाळाबाईंनी अशी बोंब ठोकली की शनिवार पेठेतली निम्मी गल्ली गोळा झाली. माणसांनी त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

आकाराम हवालदार आला तो पाठोपाठच. लहानपणी बाळाबाईंच्या हातच्या छड्या खाल्लेला माणूस, अजूनही त्यांच्यापुढे टोपी काढून उभा राहायचा.

"बाई, सांजंला भांडण कुणाचं झालतं?"

"इथं भांडण झालं नाही असा दिवस सांग."

"आजचं इचारतोय."

"इमाम शिकलगारचं. दस्तगीरशी."

"काय म्हणाला त्यो?"

बाळाबाई इंगवले यांनी उभी हयात शाळेत शिकवण्यात काढली. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि गोड बोलणं तर मुळीच नाही. "म्हणाला, तुला आन तुझ्या खेळाला एकदमच पेटवतो."

एवढं पुरे झालं. ठाण्यात फौजदारानं पुढचं काही विचारलंच नाही. लोकांची जेवणं व्हायच्या आत इमाम कोठडीत होता.

२

रविवारी सकाळी इमामची बायको लालबी दारात आली. आत या म्हणायची वाटसुद्धा तिनं पाहिली नाही.

"बाई, तुमच्या तोंडानं माझा माणूस आत गेला. बरं वाटलं?"

"मी ऐकलं तेच सांगितलं, लालबी."

"ऐकलं म्हणं! त्यो मला रोज पेटवतो म्हणतोय. सालन अळणी झालं की पेटवतो, बटण तुटलं की पेटवतो. मी जळली का? सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस, जीभ बी तसलीच हाय. हात कवा उचलला न्हाय त्यानं." तिचा आवाज फुटला. "रातभर मारलंय वो त्याला. दस्तगीरभाई गेला तर फासावर देतील. तुम्ही घातलायसा आत, आता तुम्हीच काढा!"

ती गेली तशी बाळाबाई चहा न घेता तशाच बसून राहिल्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला होता. राग आला की त्यांचं डोकं चालायचं.

काल संध्याकाळी नक्की काय झालं? इमाम आरडाओरडा करून तरातरा निघून गेला, तो वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांनी स्वतः पाहिला. दस्तगीर त्यानंतर बराच वेळ वर एकटा होता. मग खेळाच्या पेटीला कुलूप लावून खाली आला आणि नेहमीप्रमाणे किल्ली त्यांच्या हातात दिली. तेव्हा तो हसत होता.

"बाई, उद्या एकाचा दात मोडणार हाय मी. काम करून बी ठेवलंय."

"कुणाचा रे?"

"ते इचारू नका. मी सोडून कुणाला म्हाईत न्हाय. उद्या पटावर बसल्यावर सांगणार." आणि लगेच कपाळाला हात लावून म्हणाला, "टर्पेंटाइन वरच राह्यलं बगा." तो परत जिना चढला, त्या नळाकडे गेल्या, आणि मग तो आवाज.

दात म्हणजे तोंडातला नव्हे. दात म्हणजे खेळातला.

हा खेळ म्हणजे त्या घराला लागलेलं एक खूळच होतं. दस्तगीर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उरल्या रंगात त्यानं मांजरपाटाच्या भल्यामोठ्या कापडावर घरं आखून एक गड रंगवला होता. गड, दऱ्या, नदी, बाजार, सगळं. जो खेळेल त्यानं एक सोंग घ्यायचं, आणि त्या सोंगाचा लाकडी गडी पटावर चालवायचा. कवड्या टाकायच्या, लढायचं, गडी जगला तर मोठा व्हायचा. मेला तर मेला, परत उठणं नाही. वर्षानुवर्षं एकच खेळ चालला होता. इमामला तलवार, दूध संघातल्या पिराजीला धनुष्य, कबनूरच्या यंत्रमागावरच्या जोतीरामला तोफ, आणि पलीकडच्या बोळात शिवणकाम करणाऱ्या जरीनाला हेराचं सोंग. तलवार शेजारच्या घरात लागायची, बाण तीन घरं जायचा, तोफ सहा. कुणाचं हत्यार जास्त भारी यावर ही शहाणीसुरती माणसं दर रविवारी एकमेकांची आईबहीण काढायची.

हत्याराची ताकद वाढवायची किंवा कापायची, म्हणजे दात मोडायचा, तो हक्क दस्तगीरचा. हत्यार जितकी घरं जाईल तेवढे ठिपके तो गड्याच्या बुडाखाली रंगवायचा. ठिपका केला किंवा खरवडला की त्या क्षणापासून नियम लागू, मग तुम्हाला ठाऊक असो वा नसो. आणि खोटी खेळी, कधीही उघडकीला आली तरी, ती खेळणारा गडी बाद. यात दयामाया नाही.

बाळाबाईंनी कनवटीची किल्ली चाचपली. पेटी कालपासून बंद होती. दस्तगीरनं कुणाचा दात मोडला ते पेटी उघडून बघता आलं असतं. पण नुसतं बघून काय उपयोग? ज्याचा दात मोडला त्याला ते ठाऊक होतं हे कोण सिद्ध करणार? त्यांनी किल्ली परत कनवटीला लावली.

३

दुपारी तिघं आली. मित्र दवाखान्यात, दुसरा कोठडीत, आणि तरी यांचे पाय रविवार म्हटल्यावर इकडेच वळले. बाळाबाईंनी एकेकाला समोरच्या खुर्चीत बसवलं. कुठं होतास, काय करत होतास, हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. आधी विचारलं ते खेळाबद्दल.

पिराजी नेसरीकडचा गडी, अंगानं पैलवान आणि आवाजानं फुटका ढोल. "खेळ कसला, बाई? थट्टा हाय थट्टा! तिरंदाजाला वारं आडवं, झाड आडवं, पाऊस आडवा. तोफंला काय बी न्हाय! मी म्हणलं, दस्तगीर, पावसात दारू भिजत न्हाय व्हय रं? तर म्हणतोय, बैलगाडीवर ताडपत्री हाय. आता ताडपत्री कुठनं काढली यानं?"

"म्हणजे दस्तगीरवर तुझा राग."

"हाय की! असणारच! तिरंदाजाचा नुसता भुगा केलाय त्यानं."

"काल दिवेलागणीला कुठं होतास?"

पिराजीचा आवाज एकदम खाली आला. "कोपऱ्यापतोर आलतो. इमाम लालबुंद होऊन जाताना दिसला. म्हणलं, आज वारं वंगाळ हाय. माघारी गेलो."

"वर गेला नाहीस?"

"न्हाय. आयच्यान न्हाय."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"कशाला सांगू? इमामच्या जागी मला बसवत्याली की!"

जरीना आली ती बोटातलं अंगुस्तान तसंच ठेवून. नजर अशी की सुई ओवून घ्यावी. "मी खोटं बोलणार न्हाय. दस्तगीर पडला हे ऐकलं तवा माझ्या मनात पयलं आलं, पड म्हणावं!"

"अगं!"

"मग काय तर! सगळ्या गड्यांना हत्यारं आन हेराला काय? भेस बदल आन पळ. लपून राहा आन बातमी आण. ते तर मी सासरी बी करतच हुते. त्यासाठी पटावर कशाला बसू? नुसती कट्यार मागितली त्याला, कट्यार! तर म्हणतोय, मग खेळाचा तोल जाईल. तोफ ठेवल्यावर गेला न्हाय व्हय तोल?"

"काल कुठं होतीस?"

"मशीनवर. लग्नाचे कपडे हायत. गिऱ्हाईक समोर बसून हुतं, इचारा जावा." आणि दारापाशी वळून म्हणाली, "इमामनं केलेलं न्हाय, बाई. त्यो भुंकणारा हाय."

जोतीराम शेवटी आला. सडपातळ, कानांवर केस, खांद्याला बारीक सुताचे तंतू चिकटलेले. बाकीचे दोघं आल्याआल्या पेटले होते, हा शांत होता.

"तुझी काय तक्रार?"

"माझी कसली? खेळ झकास हाय. ह्यांना खेळता येत न्हाय, म्हणून तोफंच्या नावानं रडत्यात. तोफ जड हाय, बाई. एका खेळीत दोन घरांच्या वर सरकत न्हाय. सहा घरांवरनं मारती म्हणून परवडतंय, न्हायतर पिराजीचा बाण येऊन टोचायचा."

"काल?"

"कबनूर सोडलंच न्हाय. आज सकाळच्या येष्टीनं आलो. हितं पाय ठेवल्यावर कळलं."

बाळाबाईंनी तिघांना बाहेर बसवलं आणि आकारामला निरोप धाडला. कोपऱ्यापर्यंत आलेला, पड म्हणावं म्हणणारी आणि ज्याची कसलीच तक्रार नाही असा. इमामला सोडवायचं तर तोंडची उत्तरं कामाची नव्हती. तोंडं तिघांचीही चालत होती.

४

"वर चला," त्या म्हणाल्या. "खेळायचं आहे."

पिराजी बघतच राहिला. "बाई, दस्तगीर तिकडं..."

"म्हणूनच. खेळ मोडला तर मी ती खोली रिकामी करून कांदे साठवायला देणार. आज दस्तगीरच्या जागी मी."

कांद्याचं नाव काढल्यावर तिघंही निमूट उठले. आकाराम खालच्या पायरीवर विडी ओढत बसला.

बाळाबाईंनी स्वतः पेटी उघडली. स्वतः पट अंथरला. गडी एकेक करून स्वतः मांडले, बूड खाली आणि नजर समोरच्यांवर.

"ऐका. पटाला आणि गड्यांना हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं, मी सरकवीन. कवड्या तुम्ही टाका. इमामचा गडी उभा आहे तिथंच उभा राहील. आणि दस्तगीरचा कायदा तोच आहे. तो उठला की मी त्याला एकेक खेळी सांगणार. खोटी निघाली तर गडी बाद, मग कुणी माझ्याकडे रडत यायचं नाही."

"ते काय नवं सांगालाय," जरीना पुटपुटली.

खेळ सुरू झाला आणि बघता बघता तिघं माणसांतनं उठली. पिराजी तिरंदाज झाला, कड्याच्या आडोशानं उतरू लागला. जरीनाचा हेर फकिराच्या वेशात बाजारात शिरला. जोतीरामचे डोळे पटावरून हलेनात. नदीच्या अलीकडे मोकळं मैदान होतं. मैदानाच्या टोकाला इमामचा तलवारवाला आणि त्याच्या जवळच पिराजीचा तिरंदाज. तोफ त्यांच्यापासून आठ घरं लांब.

"तोफ दोन घरं पुढं," जोतीराम म्हणाला.

बाळाबाईंनी तोफ सरकवली. आता सहा घरं राहिली. पिराजीनं स्वतःच कपाळावर हात मारला. "मेलो! पुढच्या खेळीला उडवतोय आता." दोघांनी आपापल्या खेळ्या केल्या आणि पाळी परत जोतीरामची आली.

त्यानं बोटानं मांडीवर काहीतरी मोजलं.

"तोफ अजून दोन घरं पुढं."

जरीनानं झटकन मान वर केली. मग पिराजीला हसूच आवरेना. "आरं खुळ्या! सहावर आलतास की! मारायचास न्हवं! आता चारवर आलायस, मी एक पाऊल टाकतो आन तुझ्या नरड्यात बाण घालतो!"

"जवळनं मारतो. नेम बसंल."

"नेम कवड्यांवर असतोय, लांबीवर न्हाय," जरीना म्हणाली. ती आता त्याच्याकडे निरखून बघत होती. "इतकी वरसं खेळतोयस, तुला म्हाईत न्हाय व्हय?"

पिराजीनं पाऊल टाकलं, बाण सोडला आणि कवड्या दगा देऊन पालथ्या पडल्या. तो चरफडला. पाळी जोतीरामची होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मारतो."

"कुणाला?" बाळाबाईंनी विचारलं. "टप्प्यात दोघं आहेत. पिराजी आणि इमाम."

"इमामला."

त्यानं कवड्या टाकल्या. सगळ्याच्या सगळ्या उताण्या. बाळाबाईंनी इमामचा गडी उचलला आणि पटावर आडवा ठेवला.

"आकाराम," त्यांनी खाली हाक मारली. "वर ये."

५

हवालदार दारात उभा राहिला तेव्हा बाळाबाईंनी तोफ उचलली, पण अजून उलटी केली नाही.

"काल किल्ली देताना दस्तगीर मला म्हणाला, एकाचा दात मोडलाय. कुणाचा ते सांगितलं नाही, आणि त्याच्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नाही असंही म्हणाला. किल्ली माझ्याकडे आल्यापासून पेटी बंद. आज तुमच्यापैकी कुणी गड्याला बोट लावलेलं नाही. तेव्हा या खोलीत कुणालाच ठाऊक नसायला हवं की नियम बदललाय. पिराजीनं बाण नेहमीसारखा मारला. जरीना नेहमीसारखी पळाली. एकटा जोतीराम तोफ घेऊन बाणाच्या तोंडाशी गेला. सहा घरांवरनं मारायची सोय असताना. का?"

त्यांनी तोफ उलटी केली. बुडाखाली ठिपके चारच होते. बाकीच्या दोन जागी पातं ओढून रंग खरवडलेला, खालचं लाकूड ताजं पिवळं दिसत होतं.

"तुला ठाऊक होतं, सहावरनं मारलं तर खेळी खोटी. दस्तगीर उठला की तोफ बाद. आणि हे तुला दस्तगीरशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं, तेही त्यानं किल्ली माझ्या हातात दिल्यावर. तू काल इथं होतास, जोतीराम. तोंड सांभाळलंस. खेळ सांभाळता आला नाही."

"योगायोग बी असंल की, बाई," जोतीराम म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"योगायोग असेल तर सांग, जवळनं नेम चांगला बसतो हा नियम दस्तगीरनं कधी केला?"

जोतीराम एकदम भडकला. "दोन घरं! दोन घरं कापली त्यानं! काल पिच्चरला म्हणून आलतो, म्हणलं भेटून जावं. जिन्याच्या वरल्या तोंडाला गाठ पडली. म्हणतोय, तोफ तुझी हाय, म्हणून तुला आधी सांगतो. आन हसतोय! मागावर मला कोण इचारतंय, बाई? धागा तुटला की आईवरनं शिव्या. हितं जोतीरामची तोफ आली म्हणलं की सगळी मागं सरायची. मी शर्ट धरला, म्हणलं, माझी दोन घरं परत दे. त्यानं झटका मारला. माझा हात सुटला. ढकललं न्हाय मी. हात सुटला."

"आणि पळालास."

"भ्यालो."

"इमामला धरून नेलं ते कळलं, तेव्हा का गप्प राहिलास?"

"वाटलं, दस्तगीर उठंल आन सांगंल."

"आणि उठला नसता तर?"

जोतीराम खांद्यावरचे सुताचे तंतू निपटू लागला. बाळाबाईंच्या हातात छडी असती तर त्या वेळी तिचे तुकडे झाले असते. "अरे गाढवा, दस्तगीर उठला तर तुझं नाव घेईल याची तुला धास्ती नाही. तोफ बाद होईल याची धास्ती! एक माणूस तुझ्यापायी मार खातोय आणि तू इथं बसून घरं मोजतोस!"

आकारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना जोतीरामनं एकदाच मागं वळून तोफेकडे पाहिलं. पिराजी भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि जरीना रडत होती, इतकी चिडून की तिला कुणी हातही लावला नाही.

६

सोमवारी दस्तगीर शुद्धीवर आला आणि त्यानं जबानीत तेच सांगितलं. त्याच दुपारी इमाम सुटला. घरी जायच्या आधी तो बाळाबाईंच्या दारात आला, मागं लालबी. त्याचे दोन्ही तळवे सुजून भाकरीसारखे झाले होते. धारेच्या चाकावर सुरी धरायला महिना तरी लागला असता.

बाळाबाईंनी शिव्या ऐकायची तयारी केली होती. इमाम शिव्या देईना. तो थेट जिना चढून वर गेला. पट तसाच अंथरलेला होता, कुणाला आवरायचं सुचलं नव्हतं. तो आपल्या आडव्या गड्याजवळ उकिडवा बसला.

"ह्यो कुणी पाडला?"

"जोतीरामनं."

"कवा?"

"काल. त्याला पकडण्यासाठी मीच खेळ मांडला होता."

"बाई, रागात शर्ट धरला, ते मला समजतंय. मी बी तसलाच. भिऊन पळाला, ते बी समजतंय." इमाम हळूहळू बोलत होता, आणि त्याला कधी हळू बोलताना त्यांनी ऐकलंच नव्हतं. "पर काल मी आत हुतो. त्याच्या जागी हुतो. तवा टप्प्यात मी एकटाच हुतो काय? पिराजी बी असंल की?"

लालबी दारातून बाळाबाईंकडे बघत होती, खोटं बोला म्हणून विनवल्यासारखी.

"होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला विचारलं, कुणाला मारायचं. त्यानं तुझं नाव घेतलं."

इमामनं मान हलवली. सुजल्या हातांनी त्याला तो लाकडी गडी नीट धरतासुद्धा येईना. लालबीनं पुढं होऊन तो उचलला आणि पदरात बांधला. दोघं जिना उतरून गेली.